भाट्यातली इलेक्ट्रिक गाडी आणि तिच्या मागच्या दोन डिस्क

सरांचा फोन आला तो २०२३ च्या गणपतीच्या दोन दिवस आधी. "अरे, गाडी जागची हलत नाहीये. बॅटरी सत्तर टक्के दाखवते, पुढे जायचा डी पडतो, पण मागून कुणी शेपूट धरून ठेवावं तशी अडकून बसते." सरांनी मला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. त्यांच्या बोलण्यात एक शब्द जास्तीचा नसतो. 'मागून' हा शब्द त्यांनी उगाच वापरला नसणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गाडी २०२० च्या दिवाळीतली. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे दुखणं कुठल्या एका गाडीचं नाही. वजन साधारण १,६०० किलो, मोटर पुढच्या चाकांना, चारही चाकांना डिस्क ब्रेक, हँडब्रेक बटणाचा. घर रत्नागिरीजवळ भाट्ये इथं, समुद्रापासून चालत तीन मिनिटांवर. सर आणि बाई जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाकडे ठाण्याला गेले. जाण्याआधी सरांनी गाडी स्वच्छ धुतली, ओलीच पोर्चमध्ये लावली, हँडब्रेक लागला आणि दोघं कोकण रेल्वेत बसले. शेजारचा मुलगा दर रविवारी येऊन गाडी 'चालू' करत होता. म्हणजे बटण दाबायचं, दहा मिनिटं एसी लावायचा, बंद करायचं. त्यामुळे बारा व्होल्टची छोटी बॅटरी वाचली. चाकं मात्र साडेतीन महिने एक इंचही फिरली नाहीत. आणि ते साडेतीन महिने आमच्या पावसाचे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा याच काळात.

"डी आणि आर, म्हणजे पुढे आणि मागे, आलटूनपालटून टाका, पाय अगदी हलका," असं मी फोनवरच सांगितलं. तिसऱ्या खेपेला ठक्कन आवाज झाला आणि गाडी सुटली. ब्रेक लावताना चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड तिलाच गंजानं चिकटले होते, ते उचकटल्याचा तो आवाज. गणपती गेले, पाहुणे गेले, आणि मागून खरखर सुरू झाली ती थांबेना. ब्रेक दाबला की पायाखाली धडधड जाणवायची. सर सर्व्हिस सेंटरला गेले. तिथून चार डिस्क, चारही चाकांचे पॅड आणि मजुरी मिळून ४६,००० रुपयांचा अंदाज हातात पडला. तो कागद घेऊन ते माझ्या गॅरेजवर आले.

"चोवीस हजार किलोमीटरला चार डिस्क? माझी जुनी पेट्रोल गाडी ऐंशी हजार चालली, एक डिस्क बदलली नव्हती. आणि ह्या गाडीत तर मी ब्रेक दाबतच नाही!"

त्यांच्या तक्रारीतलं शेवटचं वाक्य हेच खरं निदान होतं.

इलेक्ट्रिक गाडीत ब्रेकचं काम दोघं वाटून घेतात. पाय उचलला की मोटर जनित्रासारखी वागते, गाडीचा वेग खाते आणि वीज बॅटरीत परत टाकते. याला रिजन म्हणतात. उरलंसुरलं काम डिस्क आणि पॅड करतात. ६० च्या वेगातली १,६०० किलोची गाडी थांबवायची तर सुमारे २२२ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ३० अंशांचं पाऊण लिटर पाणी तेवढ्यात उकळीला येईल. पेट्रोलच्या गाडीत ही बहुतेक ऊब दर थांब्याला ब्रेकमध्ये उतरते. सरांनी मात्र पहिल्या दिवसापासून रिजनची सगळ्यात वरची पायरी लावलेली. घर ते बाजार, बाजार ते वाचनालय, वाचनालय ते घर, सगळं एका अ‍ॅक्सिलरेटरवर. सिग्नलला गाडी आपोआप मंदावते याचं त्यांना इतकं कौतुक, की ब्रेकच्या पेडलवर पाय जाणं त्यांना हरल्यासारखं वाटायचं.

त्यात मोटर पुढच्या चाकांना, म्हणजे तिची ओढही पुढच्याच चाकांवर लागते. मागच्या डिस्कना आधीच काम कमी. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागच्या चाकांवर भार फारसा उरत नाही. जे थोडं काम त्यांच्या वाट्याला यायचं, तेही रिजननं काढून घेतलं.

बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना मी म्हटलं, "डिस्क बिडाची असते, तुमच्या घावनाच्या तव्यासारखी." त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. रोज चुलीवर चढणारा बिडाचा तवा काळाकुळकुळीत राहतो आणि माळ्यावर टाकलेला चार महिन्यांत लाल होतो, हे कोकणातल्या घरात कुणालाच सांगावं लागत नाही. फरक एवढाच की तव्याला तेल चोपडून ठेवता येतं. डिस्कला तेलाचा थेंबही चालत नाही. तिला पॅडनं घासणं हाच एक इलाज, आणि तेच होत नव्हतं.

"मग मागे ड्रमच बरे होते की," सर म्हणाले. त्यात तथ्य आहे. फोक्सवॅगननं आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे मुद्दाम ड्रम ब्रेक दिले. लोकांनी नाकं मुरडली, जुनं तंत्र म्हणाले. पण ड्रम बंद डब्यासारखा असतो, पाणी आणि खार आत सहज शिरत नाही, आणि महिनोन्‌महिने काम नसलं तरी तो फारसा रुसत नाही. आपल्याकडे मात्र चार डिस्क म्हटलं की गाडी वरच्या दर्जाची, असा समज बसलाय. शोरूममध्ये तो विकला जातो. समुद्राकाठी त्याची किंमत मागाहून कळते.

आता माझी चूक.

चारही चाकं उतरवून मापं घेतली. पुढची डिस्क नवी असताना २३ मिलिमीटर, किमान जाडी २१. मायक्रोमीटरनं ती २२.७ भरली, दोन्ही बाजू साफ, फक्त बाहेरच्या कडेला गंजाची रेघ. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक. बदलायचं काहीच कारण नव्हतं. मागची डिस्क नवी असताना १० मिलिमीटर, टोपीवर, म्हणजे डिस्कच्या मधल्या उंच भागावर, किमान ८.५ कोरलेलं, आणि भरली ९.८. झीज अशी नाहीच. पण दोन्ही डिस्कवर पॅडचा अख्खा ठसा उमटलेला, पावलाच्या ठशासारखा. साडेतीन महिने पॅड जिथं चिकटून बसला, तिथं त्याच्याखाली ओल धरून राहिली आणि पृष्ठभाग खाल्ला गेला. धडधड त्या ठशाची होती.

मला वाटलं, एवढी जाडी शिल्लक आहे तर डिस्क फेकायची कशाला? मिरजोळे एमआयडीसीत लेथवर नेऊन दोन्ही मागच्या डिस्कवर कट मारून घेतला. ९.३ वर आल्या. उजव्या डिस्कच्या बाहेरच्या बाजूला कडेजवळ चारपाच काळे ठिपके राहिले. अजून कट मारला असता तर गेले असते, पण जाडी वाचवायच्या नादात मी लेथवाल्याला थांबवलं. नवे पॅड घातले, ४,८०० रुपये घेतले. धडधड गेली, खरखर गेली. सरांनी पेढे आणून दिले. सेहेचाळीस हजारांचं काम पाच हजारांत केलं म्हणून मीही आठवडाभर खुशीत होतो.

एक गोष्ट तेव्हाच बोचायला हवी होती. मागचे पॅड घालताना कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, खालचा बोल्ट काढून कॅलिपर वरच्या पिनेवर उचलतात. डावा सहज उचलला गेला. उजवा जड गेला. मी जोर लावला, तो गेला वर, आणि विषय संपला असं धरलं.

२०२४ च्या जुलैत सर परत आले. या वेळी दोन तक्रारी होत्या, आणि त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. पहिली, उजवीकडून घसघस. दुसरी, पूर्ण चार्जला गाडी पूर्वी २७० किलोमीटर दाखवायची, ती आता २४० दाखवते. बॅटरी म्हातारी झाली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बॅटरी अशी एका वर्षात एवढी बसत नाही. मी म्हटलं, आधी एक फेरी मारू.

रिजन नेहमीप्रमाणे वर ठेवून, ब्रेकच्या पेडलला शक्यतो पाय न लावता आम्ही हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. आल्या आल्या तापमान मोजायची गन घेऊन चारही डिस्कवर धरली. तीन डिस्क ३८ ते ४१ अंश. उजवी मागची ९७. पेट्रोल गाडीत ही चाचणी इतकी साफ बोलत नाही, कारण तिथं चारही डिस्क तापलेल्याच असतात. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक न लावता चाललं तर डिस्क थंड राहायला हवी. एखादी तापलेली सापडली की कुठेतरी पॅड घासतोय. तिथं तपास निम्मा संपतो. जॅकवर घेऊन हातानं चाक फिरवलं. डावं तीन फेरे फिरलं, उजवं अर्ध्यात थांबलं. तीस किलोमीटरची रेंज तिथं जात होती.

चाक काढल्यावर चित्र उघड झालं. आतला पॅड २.५ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ८. नवे दोन्ही ९ चे होते. डिस्कची आतली बाजू चकचकीत, तिच्यावर बारीक चरे. बाहेरची बाजू तांबूस, आणि मी सोडून दिलेल्या काळ्या ठिपक्यांभोवती खड्डे. नख फिरवलं तर अडकत होतं.

हे असं का होतं, ते कॅलिपरच्या रचनेत आहे. या प्रकारच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. तो आतल्या पॅडला ढकलतो, आणि त्याच्या उलट रेट्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढून आणतो. पिना मोकळ्या सरकल्या तरच दोन्ही पॅड सारखे लागतात. पिन अडकली की आतला पॅड एकटा काम करतो, सुटतानाही पुरता सुटत नाही, घासत राहतो. बाहेरचा पॅड डिस्कला नीट टेकतच नाही, आणि ती बाजू गंजत बसते. अलॉय चाकाच्या फटीतून आपल्याला दिसते ती हीच बाहेरची बाजू. आत काय चाललंय ते चाक काढल्याशिवाय दिसत नाही.

वरची पिन हातानं निघेना. पाइप पाना लावून फिरवत फिरवत काढली, तर बाहेर आला तो तपकिरी चिखल. रबरी बूट एका बाजूनं फाटलेला. खारं पाणी आत गेलं, ग्रीस धुऊन निघालं, पिन गंजून फुगली. दहा महिन्यांपूर्वी मी जोर लावून वर उचललेला कॅलिपर हाच. तेव्हा एक बोल्ट जास्तीचा काढून पिन बाहेर ओढून बघितली असती तर दहा मिनिटं गेली असती. डिस्कचं रोगट कातडं मी लेथवर सोलून काढलं आणि रोग कॅलिपरमध्ये ठेवून दिला. सरांना हे असंच्या असं सांगितलं आणि दुसऱ्या कामाची मजुरी घेतली नाही.

"नापास होण्याचं कारण कळलं ना?" सर एवढंच म्हणाले.

परत लेथचा विचार मनात आला नाही असं नाही. पण हिशेब जुळेना. उजवी डिस्क आता ९.१ भरत होती. बाहेरचे खड्डे ०.३५ पर्यंत खोल, आतले चरे काढायला आणखी ०.२. म्हणजे उरणार ८.५५, आणि कोरलेली किमान जाडी ८.५. ती किमान जाडी म्हणजे डिस्क टाकून द्यायची रेषा. त्या रेषेवरून डिस्कचा नवा जन्म सुरू करायचा नसतो.

डावी डिस्क खरं तर चालली असती. ९.३, मधला पट्टा साफ, गंज फक्त कडेला. काही मिस्त्री एकटी उजवी बदलतील. मी बदलत नाही. एका धुरीवर एक डिस्क नवी आणि एक जुनी, तर दोन्हीकडची पकड वेगळी पडते, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचली जाणं मला परवडणारं नाही. डिस्क जोडीनंच बदलावी, पॅडसकट.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं लिहितो. पहिल्या दिवशी सर्व्हिस सेंटरनं मागच्या दोन डिस्क बदला म्हटलं, ते बरोबर होतं. पुढच्या दोन त्यांनी उगाच धरल्या. मी पुढच्या वाचवल्या ते बरोबर, मागच्या वाचवायला गेलो ते चुकलं. त्यांनीही पिनांचं नाव काढलं नव्हतं, मीही नाही. आपल्याकडे जाडी मोजायची सवय हाताला बसलीय, कारण तीस वर्षं डिस्क झिजूनच जात आली. इलेक्ट्रिक गाडीची डिस्क जाडी भरपूर असताना मरते. तिच्यासाठी मायक्रोमीटरच्या आधी नख आणि टॉर्चचा उजेड लागतो. कडेला गंजाची रेघ असेल तर सोडून द्यावी. पॅड फिरतो त्या पट्ट्यावर नुसता लाल मुलामा असेल आणि दहाबारा ब्रेकमध्ये जात असेल, तर तोही सोडून द्यावा. पट्ट्यावर नख अडकलं, किंवा पॅडचा ठसा दिसला आणि पायाला धडधड लागली, तर मग बोलावं.

डिस्क बदलायला माझे तीन तास गेले. त्यातला एक तास फक्त गंजाशी भांडण्यात. सुरुवात मात्र पान्यानं होत नाही, स्कॅनरनं होते. हँडब्रेक बटणाचा असला की मागच्या कॅलिपरवर छोटी मोटर असते. ती स्कॅनर लावून सर्व्हिसच्या स्थितीत आणून पिस्टन मागे घ्यावा लागतो. क्लॅम्प लावून जबरदस्तीनं दाबलं तर आतला स्क्रू किंवा मोटर जाते, आणि डिस्कच्या दुप्पट खर्च अंगावर येतो. त्यानंतर गाडी बंद करून बारा व्होल्टचं टर्मिनल काढायचं. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींचा ब्रेकच्या कामाशी संबंध येत नाही, तिथं हात जायचं कारणच नाही. जॅक मात्र दाखवलेल्या जागीच लावायचा. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली सगळी बॅटरी असते. नेहमीच्या सवयीनं मधे कुठेतरी जॅक टेकवला तर ब्रेकच्या कामात बॅटरीचं पत्र्याचं कवच चेपायचं.

कॅलिपर काढून तारेनं स्प्रिंगला टांगला. होसवर लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू गंजून बसलेला, तो इम्पॅक्ट ड्रायव्हरनं सुटला. डिस्क तरी हबला चिकटलेलीच. तिच्या टोपीला दोन आटे पाडलेले असतात, त्यात ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून आळीपाळीनं आवळले की डिस्क स्वतःच स्वतःला बाहेर ढकलते. हातोडीचा कार्यक्रम वाचतो. बेअरिंगही वाचतं.

मग हब. इथं घाई करणारे नवी डिस्क घालून महिन्याभरात धडधडीची तक्रार परत घेतात. हबच्या तोंडावर गंजाचं एक पापुद्र्याएवढं टरफल राहिलं तरी डिस्क तिरकी बसते, आणि मध्यापासून जितकं लांब जावं तितका तो तिरकेपणा वाढतो. वायर ब्रशनं साफ करून डिस्क बसवली, डायल गेज लावलं, तर डोलणं ०.११ मिलिमीटर. परत काढली. बोल्टच्या मुळाशी गंजाची एक रिंग राहिली होती. ती खरवडून पुन्हा बसवली तेव्हा ०.०४ आलं. ते मला चालतं.

नव्या डिस्कला कारखान्यातून गंजरोधक तेल लावलेलं येतं. ते ब्रेक क्लीनरनं दोनदा पुसलं. या डिस्कच्या टोपीला आणि कडेला करड्या रंगाचा लेप होता, तो आपल्या हवेत कामाचा. घासणाऱ्या पट्ट्यावरचा लेप पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, पण टोपी आणि कडा वाचतात. पिना आणि बूट दोन्ही बाजूंचे नवे घातले. ग्रीस पिनांसाठीचं सिलिकॉनचं. नेहमीच्या डब्यातलं बेअरिंगचं ग्रीस इथं लावायचं नाही, खनिज तेलानं हे रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅडचे कान जिथं सरकतात त्या खाचा कानशीनं साफ केल्या, पत्र्याच्या क्लिपा नव्या टाकल्या. चाकाचे नट समोरासमोर, टॉर्क रेंचनं. नट आवळायच्या गनवर एकाच बाजूनं आवळले तर एवढं जपून बसवलेली डिस्क तिथंच पिळवटते.

ब्रेक ऑइलही बदललं. चार वर्षांचं होतं, परीक्षण पेननं पाण्याचा लाल दिवा दाखवला. डॉट ४ ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ अंशांनाही उकळू शकतं. सर म्हणाले, माझे ब्रेक तापतच नाहीत, मग कशाला? मी विचारलं, "कोल्हापूरला जाऊन येता ना? मलकापूरला चार्जर मिळाला म्हणून शंभर टक्के भरून आंबा घाटात उतरलात तर?" भरलेल्या बॅटरीला मोटरनं बनवलेली वीज घ्यायला जागा नसते. रिजन जवळजवळ बंद पडतं, आणि चार वर्षं झोपलेल्या डिस्कवर अख्खा घाट येतो. ५०० मीटर उतरताना या वजनाची गाडी दोन युनिटांहून जास्त ऊर्जा सोडते. बॅटरीत जागा असेल तर ती फुकट मिळालेली वीज. जागा नसेल तर ती सगळी डिस्कमध्ये आणि तिच्यामागून ऑइलमध्ये. घाटाच्या माथ्याकडून निघायचं असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर चार्जिंग थांबवावं.

हीच गोष्ट उलटी वापरून मी नवे पॅड रुळवले. नवा पॅड आणि नवी डिस्क एकमेकांत रुळायला दहाएक खरे ब्रेक लागतात, आणि रिजन मधे आलं तर ते लागतच नाहीत. म्हणून आदल्या रात्री सरांना गाडी शंभर टक्के चार्ज करायला सांगितली आणि सकाळी सहाला रिजन शून्यावर टाकून मोकळ्या रस्त्यावर नेली. ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबानं ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग अर्धा किलोमीटर वाऱ्यावर थंड होऊ द्यायचं, असं दहा वेळा. परतताना चारही चाकांवर तापमानाची गन धरली. मागच्या दोन्ही डिस्कमध्ये तीन अंशांचा फरक. उजवी-डावी सारखी लागतायत, याचा त्याहून चांगला पुरावा गॅरेजमध्ये मिळत नाही.

बिल ११,२०० झालं. दोन डिस्क, मागचे पॅड, पिना, बूट, ऑइल.

सवयींचं बोलणं गाडी देताना झालं, आणि सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. दर शनिवारी भाट्याच्या पुलावरून परत येताना रिजन शून्यावर आणि मागे कुणी नाही बघून आठदहा चांगले ब्रेक. गाडी धुतली की लगेच पोर्चमध्ये लावायची नाही. एक चक्कर मारून, ब्रेक दाबून, डिस्क कोरड्या करून मग लावायची. गावाला जायचं असेल तर सपाट जागेवर पी (पार्किंग) टाकून चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला. काही गाड्यांत पी टाकला की हँडब्रेक आपोआप लागतो, तो कसा सोडायचा ते गाडीच्या पुस्तकात बघावं लागतं. सरांच्या गाडीत ते जमलं. शेजारच्या मुलाला एसी लावण्याऐवजी गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेऊन आणायला सांगितलं. आणि वर्षातून एकदा पिना उघडायच्या. टेस्लाच्या पुस्तिकेत, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा मुलखात दरवर्षी किंवा २०,००० किलोमीटरला कॅलिपर साफ करून वंगण द्यायला सांगितलंय. आमच्याकडे रस्त्यावर मीठ कुणी टाकत नाही, ते बारा महिने वाऱ्यावरून येतं.

२०२५ च्या जुलैत, ३८,००० किलोमीटरवर गाडी परत उघडली. मागचे पॅड उजवीकडे आत ८.६, बाहेर ८.७. डावीकडे दोन्ही ८.७. डिस्क दोन्ही अजून ९.९ च्या वर, पट्टे साफ, कडेला लाली. हातखंब्याची फेरी पुन्हा मारली, चारही डिस्क ३९ ते ४३ अंशांत. पूर्ण चार्जला गाडी २६५ दाखवते. बॅटरी म्हातारी झाल्याचं सर आता बोलत नाहीत.

पुढच्या पिना त्याच दिवशी काढल्या. डाव्या बाजूच्या एका बुटाला बारीक चीर होती, ती पिन अजून सरकत होती, पण ग्रीस करडं पडायला लागलेलं. बूट बदलला. सरांच्या वहीत जूनमधले तीन शनिवार कोरे होते, खोकल्यानं घराबाहेर पडले नव्हते. त्यापुढे त्यांच्या अक्षरात नोंद: 'चौथ्या शनिवारी पहिले चार ब्रेक खरखरले, पाचव्यापासून साफ.' पुढची तपासणी मी जुलै २०२६ लिहीत होतो, तर त्यांनी ती खोडून मे केली. पाऊस पडून गेल्यावर छत्री दुरुस्त करतोस का, म्हणाले.